मऊ पडलेले तळपाय

आईच्या तळपायांना तेल चोळता चोळता मावशी सहज बोलून गेल्या, "आजींचे पाय किती मऊ झालेत हो, तान्ह्या बाळासारखे." बोलण्यात निव्वळ कौतुक होतं. आईही हसली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, ती ओली चादर हातात धरून तशीच उभी राहिले. आईचे पाय आणि मऊ? ज्या टाचांच्या भेगांत पांघरुणाचे धागे अडकायचे, ज्यांनी कितीतरी साड्यांचे फॉल उसवले, थंडी पडली की ज्यांच्यावर आई रात्री भिरंडेलाचा गोळा पळीत वितळवून कढत कढत ओतायची आणि स्स करून डोळे मिटायची, त्या टाचा? मी आत आले आणि तिच्या टाचेवरून बोट फिरवलं. खरंच मऊ. गुळगुळीत, किंचित गुलाबी, भेग नाही की रेघ नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची टाच अशी असू नये, एवढंच मला त्या क्षणी वाटलं. का असू नये, ते सांगता आलं नसतं.

संक्रांत झाल्यावर ती बाथरूमच्या उंबऱ्याशी पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मग घोडबंदर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये सोफा हटवून तिथे भाड्याची लोखंडी कॉट आली. कमोड चेअर आली, मोटर लावलेला हवेचा बेड आला, ब्यूरोमार्फत मावशी आल्या. पुढचं सगळं ज्यांच्या घरी म्हातारं माणूस पडलंय त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी रात्री कॉटशेजारी गादी टाकून झोपायचे. झोपायचे म्हणजे आडवी व्हायचे. बाहेर मेट्रोच्या कामाचे मोठमोठे ट्रक रिव्हर्स घेताना पीक पीक वाजवायचे, आत बेडची मोटर घरघरायची, आणि मी ब्राइटनेस कमी करून मोबाइलवर काहीबाही वाचत राहायचे. अशाच एका रात्री वाचलं, की अवकाश स्थानकावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसांच्या तळपायांची जाड कातडी गळून पडते. तिथे चालणंच नाही, तळव्यावर भार नाही, तर कातडी कशाला टिकेल? पापुद्रे सुटतात. मोजे काढताना जपून काढावे लागतात, नाहीतर ते पापुद्रे हवेत तरंगत सगळीकडे पसरतात. तळवे कोवळे होतात. आणि गंमत अशी, की पायाची वरची बाजू राठ होते. कारण एका जागी टिकून राहायला ते लोक भिंतीवरच्या दांड्यांखाली पाऊल अडकवतात, म्हणजे घासतं ते वरून.

मी मोबाइलचा उजेड आईच्या पावलांवर टाकून बघितलं. ती जागीच होती. "काय बघतेस?" म्हणाली. म्हटलं, "काही नाही, झोप."

२०२५ च्या मार्चमध्ये सुनीता विल्यम्स अवकाशातून परत आली ती वेळ आमच्या दोघींच्या चांगली लक्षात आहे, कारण आपल्याकडे तेव्हा १९ तारखेची पहाट होती, ३ वाजून २७ मिनिटं. आईला झोप नव्हतीच. मी मोबाइल तिच्या उशाशी टेकवून ठेवला. चार पॅराशूट, निळं पाणी, फ्लोरिडाचा किनारा कुठेतरी दूर, आणि ती यानाची काळवंडलेली कुपी हळूच समुद्रात टेकली. मग डॉल्फिन आले. कुपीभोवती पाण्यातून पाठी काढत फिरायला लागले. आईचा सगळा जीव त्या डॉल्फिनमध्ये. बोट जवळ आली, कुपी वर उचलून घेतली, दार उघडलं, आणि एकेकाला धरून, सावरून बाहेर काढायला लागले. सुनीता हसत होती, हात हलवत होती, पण तिलाही दोघांनी धरलं होतं आणि ढकलत नेण्याच्या स्ट्रेचरवर बसवलं. आईनं चष्मा लावला. बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाली, "हिला काय झालं? ही कुठे पडली?"

"अगं, ती नऊ महिने पडतच होती."

हे मी विनोद म्हणून बोलले नव्हते. ते स्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर असतं. ठाण्याहून गोव्याला जाताना गाडीला त्याहून जास्त अंतर कापावं लागतं. तेवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ काही संपत नाही, इथल्याच्या सुमारे ९० टक्के शिल्लक असते. फक्त स्थानक, त्यातली माणसं, त्यांच्या पाण्याच्या पिशव्या, टूथब्रश, सगळंच एका वेगानं सतत पृथ्वीकडे पडत असतं, आणि त्याच वेळी पुढेही इतक्या वेगानं जात असतं, की दर ९० मिनिटांनी पृथ्वीला एक फेरी होते आणि जमिनीला टेकणं काही घडत नाही. सगळेच बरोबर पडतात म्हणून कुणाचा भार कुणावर येत नाही. आमच्या इमारतीतली लिफ्ट पंधराव्या मजल्यावरून खाली निघते त्या क्षणी पोटात जे हलकं होतं, ते याचंच अगदी चिमूटभर रूप. त्या क्षणाला आई कायम लिफ्टमधला दांडा घट्ट पकडायची. "पोटात गोळा येतो," म्हणायची. तो गोळा सुनीताला २८६ दिवस होता. जून २०२४ मध्ये ती आठ-दहा दिवसांसाठी म्हणून गेली होती.

स्ट्रेचरचं कारणही आईला सांगितलं, की ते सगळ्यांनाच देतात, काही वाईट झालंय म्हणून नव्हे. तिला ते पटलं नाही. "मलाही डॉक्टर हेच म्हणाले होते, काही वाईट नाही म्हणून," एवढं बोलून तिनं चष्मा काढून ठेवला.

त्यानंतर मी या विषयात जरा जास्तच घुसले. विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला, तरी रात्री वेळ होता आणि वाचलेलं प्रत्येक वाक्य शेजारच्या कॉटवर पडताळून बघता येत होतं. उदाहरणार्थ, तोंडाची चव. वजन गेलं की पायांकडे ओढलं जाणारं रक्त-पाणी वर सरकतं. पायांतून लिटर-दोन लिटर द्रव धड आणि डोक्याकडे जातो. चेहरा सुजतो, पाय काटकुळे दिसायला लागतात, नाक सर्दी झाल्यासारखं चोंदतं, आणि नाक चोंदलं की जेवण पाणचट लागतं. म्हणून स्थानकावर तिखट सॉसच्या बाटल्यांना मागणी असते. आईचंही त्या दिवसांत रोजचं चाललं होतं, कशाला चव नाही, आमटीला नाही, भाताला नाही, त्या मूगडाळीच्या खिचडीला तर नाहीच. लसणाची चटणी द्या म्हणून हट्ट. तिचा चेहरा सकाळी जरा सुजलेला असायचा आणि चादरीखालच्या पोटऱ्या मात्र रोज थोड्या थोड्या आत जात होत्या. अर्थात तिच्या चवीचा सगळा दोष मी आडवं पडण्याला देणार नाही, औषधंही कमी नव्हती. पण आडवं होणं म्हणजे शरीराच्या लेखी वजनातून अर्धी सुटका, हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. अवकाशात जाणाऱ्या माणसाच्या शरीराचं काय होईल हे शोधायला शास्त्रज्ञ इथे जमिनीवर माणसांना नुसतं झोपवूनच ठेवतात.

त्याची पद्धत मोठी विचित्र आहे. कॉटची डोक्याकडची बाजू ६ अंशांनी खाली. हा ६ चा आकडा म्हणे असा निघाला, की अवकाशातून परतलेल्या रशियन वीरांना सपाट गादीवर आपण पायाकडे घसरतोय असं वाटायचं. मग पायाकडची बाजू उचलली तेव्हा कुठे त्यांना गादी सपाट वाटली. जर्मनीत कोलोनला २०१९ साली असा प्रयोग झाला. साठ दिवस उठायचं नाही. जेवण, आंघोळ, शरीरधर्म, सगळं आडव्यानं. एक खांदा कायम गादीला टेकलेला हवा, आणि उशी नाही. आधी-नंतरच्या तपासण्या धरून तिथे ८९ दिवस राहायचं आणि त्याचे १६,५०० युरो मिळायचे, म्हणजे तेव्हाचे साधारण १३ लाख रुपये. हे मी आई आणि मावशींना मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "झोपायचे तेरा लाख?" मावशी काही बोलल्या नाहीत. त्या आईला कुशीवर वळवत होत्या. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, गुडघा कॉटच्या कडेला टेकवून. दिवा स्टेशनहून रोज लोकलला लोंबकळत येणाऱ्या बाईनं दिवसातून कितीतरी वेळा दुसऱ्या बाईचं वजन उचलायचं, याचे ब्यूरोतून कमिशन कापून काय मिळतात ते मला माहीत होतं. मी विषय बदलला.

खरा वाद झाला तो दादाशी. तो बंगळुरूला असतो आणि लांब राहणाऱ्या मुलांची काळजी असते तशी त्याची काळजी होती, फोनवरून येणारी आणि म्हणून फार ठाम. फिजिओ आईला लवकर उभं करायचं म्हणत होता आणि दादाचं म्हणणं, "अजिबात उठवू नका. आयुष्यभर राबली ती, आता तरी पडू दे निवांत." यात चूक काय म्हणायची? नौपाड्याच्या जुन्या घरी आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्टचा प्रश्नच नव्हता. आई शिक्षिका, शाळा सुटली की ती जांभळी नाक्याला भाजी घ्यायची आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत घरी यायची, रिक्षाचे पैसे वाचवून. वर आल्यावर पिशव्या खाली ठेवल्या, की तिच्या बोटांवर बंदांचे लाल वळ असायचे आणि ती बोटं उघडमीट करत पाच मिनिटं नुसती बसून राहायची. शेवटी-शेवटी तर जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबायची. त्या बाईला कुणी "पडू दे निवांत" म्हटलं तर माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. आपल्याकडे प्रेम म्हणजे समोरच्याच्या हातातली पिशवी काढून घेणं.

पण तोपर्यंत मी डॅलसच्या त्या पाच मुलांबद्दल वाचलं होतं. १९६६ साली अमेरिकेत विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवलं. उठल्यावर मोजलं तर शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरायची ताकद, जिच्यावर सगळा दम अवलंबून असतो, सरासरी २७ टक्क्यांनी घसरलेली. व्यायाम करवून ती भरून काढली. ही गोष्ट इथे संपली असती, पण तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा शोधून तपासलं. आता ते पन्नाशीत, वजनं वाढलेली, पोटं सुटलेली. आणि तरीही एकाचीही ताकद विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपेनंतर जेवढी उतरली होती तितकी उतरलेली नव्हती. तीस वर्षांच्या म्हातारपणानं जे केलं नाही ते तीन आठवड्यांच्या आरामानं केलं होतं. मी हे दादाला रात्री अकराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई काय विशीतली आहे का?" मी म्हटलं, "तेच तर."

पहिल्यांदा उभं करायच्या दिवशी फिजिओनं तिला आधी नुसतं कॉटच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं. तरुण पोरगा, बोलायला गोड, पण सोडायचा नाही. "आजी, घाई नाही. खाली बघू नका, समोर बघा." दोनच मिनिटांत आईचा चेहरा पांढरा पडला, ओठांवर घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी. आडव्या शरीराला रक्त वर ढकलण्याचा सरावच उरत नाही. आपण उभे राहतो त्या क्षणी पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय जरा जोर लावतं, हे सगळं आपल्या नकळत, एरवी आयुष्यभर. अवकाशात या कामाला सुट्टी मिळते, शिवाय वर जमलेलं जादा पाणी शरीर टाकून देतं, रक्ताचं प्रमाणच घटतं. म्हणून परतणारे अंतराळवीर उतरण्याआधी मुद्दाम खारट पाणी पितात, पाय आणि पोट आवळून धरणारे कपडे घालतात, आणि तरीही काही जण जमिनीवर उभे राहताना कोसळतात. १९७० साली सोयूझ-९ या सोव्हिएत यानातून निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह जेमतेम १८ दिवसांनी परतले, तर त्यांना उचलूनच न्यावं लागलं. तेव्हापासून वर गेल्यावर व्यायाम सक्तीचा झाला. कानाचंही तेच. आतल्या कानात चुनखडीचे अगदी बारीक खडे असतात. ते आपल्या वजनानं खाली दाबतात म्हणून मेंदूला वर-खाली कळतं. वर ते खडेही बिनवजनी, म्हणून सुरुवातीचे दिवस बहुतेकांना मळमळतं. परत आल्यावर मान वळवली तरी खोली फिरते. आईनं फिजिओचं मनगट पकडून ठेवलं होतं आणि डोळे मिटून एकच म्हणत होती, "घर हलतंय रे."

मला वाटतं त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट भीती वाटली. पडली तेव्हा धावपळ होती, ऑपरेशनच्या वेळी सह्या होत्या, पैसे होते. भीती वाटली ती यानं, की तिच्या शरीरात काहीच बिघडलेलं नव्हतं. वाचताना हे पुन्हा पुन्हा समोर येत होतं. अवकाशात हाडं झिजतात, स्नायू वितळतात, हृदय लहान होतं, त्याला आजार म्हणायचं तर म्हणा, पण शरीराच्या बाजूनं बघितलं तर तो चोख कारभार आहे. आई रिकाम्या खोलीतला पंखा चालू दिसला की बटण बंद केल्याशिवाय पुढे जात नाही, शरीरही तसंच, जिथे कुणी नाही तिथलं बंद करत जातं. तरंगणाऱ्या माणसाला पोटरीचा जाड स्नायू हवा कशाला? खुब्याचं भरीव हाड हवं कशाला? वर कुणालाच त्रास होत नाही. सगळे सांगतात, तरंगणं फार सुखाचं असतं. झोपेत हात आपोआप वर येऊन छातीपुढे तरंगत राहतात, अंगाखाली काही टोचत नाही. त्रास होतो तो फक्त परत यायचं ठरलं तर. आईचं शरीरही कुरकुर न करता त्या कॉटचं होत चाललं होतं. मऊ टाचा ही त्याची पहिली पावती होती.

तरी कॉटवरचं हे बिनवजनीपण धड बिनवजनीही नाही. वजन गेलेलं नसतं, त्याची जागा चुकलेली असते. जे तळव्यांवर यायचं ते माकडहाडावर येतं, टाचेच्या मागच्या बाजूला येतं, आणि तिथे जखमा होतात. म्हणून तो घरघरणारा हवेचा बेड. अंतराळवीराला निदान बेडसोर होत नाहीत.

हाडांची गोष्ट मला सगळ्यात लागली. हाड म्हणजे एकदा ओतलेला खांब नव्हे. आत सतत मोडतोड आणि बांधकाम चालू असतं, काही पेशी हाड खातात, काही नवं रचतात, आणि कुठे किती रचायचं हे कुठे किती भार पडतो त्यावरून ठरतं. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदानं हे एकोणिसाव्या शतकात मांडलं होतं. टेनिस खेळणाऱ्याचं रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, ते यामुळेच. म्हणजे जांभळी नाक्याच्या त्या पिशव्या आईच्या हाडांत कुठेतरी जमा होत होत्या. अवकाशात खुब्यासारख्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. पाळी गेलेल्या बाईची साधारण वर्षाला तेवढी होते. निघालेलं कॅल्शियम लघवीतून जातं आणि मुतखड्याची भीती वाढते. २०२२ साली १७ अंतराळवीरांच्या नडगीच्या हाडाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचं हाड परत येऊन वर्ष उलटलं तरी पूर्ण भरलं नव्हतं. आणि ही निवडून काढलेली, तगडी माणसं.

ती काय कमी धडपड करतात? रोज दोन-अडीच तास व्यायामाचे. पण वर पळायचं तर आधी स्वतःला ट्रेडमिलशी बांधून घ्यावं लागतं. खांद्यांवरून आणि कमरेवरून जाड पट्टे, ते खाली ओढतात, तेव्हा कुठे पाय टेकतो. पट्टे खांद्यांना काचतात. सुनीतानं १६ एप्रिल २००७ ला, खाली बॉस्टन मॅरेथॉन चालू असताना, वर अशीच बांधून घेऊन पूर्ण मॅरेथॉन पळून काढली, साधारण ४ तास २४ मिनिटांत. सायकलला सीट नसते, बसायला वजनच नाही तर सीट कशाला. वजन उचलायचं यंत्र आहे ते खऱ्या वजनांचं नाही, पोकळ नळकांड्यातल्या निर्वाताची ओढ वापरून बैठका मारायच्या. माणसानं इतका खर्च करून वजनापासून सुटका मिळवली आणि वर गेल्यावर पहिलं काम काय, तर वजन बनवण्याचा कारखाना काढला. मला याचं हसू येतं आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल फार माया वाटते.

आणि नुसता घाम गाळून भागत नाही, हेही आहे. बेन्वा लेकोम्त नावाचा जलतरणपटू २०१८ मध्ये पॅसिफिक पोहून पार करायला निघाला. १५९ दिवसांत २,८०० किलोमीटरच्या वर पोहला, रोज सरासरी पाच-सहा तास. त्याचं आणि वर्षभर स्थानकावर राहिलेल्या स्कॉट केलीचं हृदय शास्त्रज्ञांनी एकत्र अभ्यासलं, तर दोघांचंही आकसलेलं. इतकं पोहूनही! कारण पोहणारा आडवा असतो, पाणी त्याला तोलतं, रक्ताला खालून वर चढावं लागत नाही. आमच्या सोसायटीतल्या एक काकू आईला भेटायला येऊन "कॉटवरच हातपाय हलवत जा हो, तेवढंच पुरे" असं सांगून गेल्या, तेव्हा मला त्यांना हा लेकोम्त सांगायचा होता. चहा देऊन गप्प बसले.

एप्रिलमध्ये आई वॉकर घेऊन हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागली. एका संध्याकाळी अवकाश स्थानक ठाण्यावरून जाणार असं मोबाइलनं सांगितलं, तर तिला खुर्चीत बसवून गॅलरीत नेलं. येऊरच्या डोंगरावर थोडा उजेड शिल्लक होता, खाली हॉर्नचा कल्लोळ. एक ठळक ठिपका, न लुकलुकता, सरळ रेषेत आला आणि चार-पाच मिनिटांत गेला. आईनं हात जोडले. का जोडले ते मी विचारलं नाही, ती विमानालाही जोडते. मग मी तिला नोरिशिगे कानाईची गोष्ट सांगितली. हा जपानी अंतराळवीर पेशानं डॉक्टर. जानेवारी २०१८ मध्ये त्यानं वरून जाहीर केलं, की तीन आठवड्यांत माझी उंची ९ सेंटिमीटर वाढली आहे, परतीच्या सोयूझच्या खुर्चीत मावेन की नाही याची काळजी वाटते. मणक्यांवरचा भार गेला, की मधल्या चकत्या फुगतात आणि पाठ खरंच लांबते, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला. पुन्हा मोजलं तर भरली २ सेंटिमीटर. त्यानं माफी मागितली. आई मनापासून हसली. गेल्या काही वर्षांत तिची उंची इतकी कमी झालीय, की मांडणीच्या वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा तिला मिळत नाही. "मला पाठवा थोडे दिवस," म्हणाली, "डबा तरी हाताला लागेल." मग म्हणाली, "पण परत आल्यावर खुबा कोण सांभाळणार?"

जुलैत आपला अंतराळवीर शुभांशू शुक्ला स्थानकावरून परत आला. आईला त्याच्याबद्दल आपुलकी, कारण त्यानं गाजराच्या आणि मुगाच्या हलव्याबरोबर आमरसही नेला होता. स्नायू का झिजतात यावरचा बंगळुरूच्या एका संस्थेचा प्रयोगही त्यानं वर केला, हे मी सांगितलं, पण आमरसापुढे ते टिकलं नाही. तो नंतर सांगत होता, परतल्यावर फोटो काढायला हातात फोन घेतला तर तो केवढा जड लागला. आणि एकदा काम झाल्यावर लॅपटॉप मिटून पलंगाच्या बाजूला हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून. खाली गालिचा होता म्हणून वाचला. १८ दिवस स्थानकावर राहिलेल्या चाळिशीच्या फायटर पायलटला चालणं पुन्हा शिकताना आम्ही तिघींनी बघितलं, त्याला दोन्ही बाजूंनी धरलेलं. मावशींचं लक्ष धरणाऱ्यांकडे. "काखेत धरायला नको होतं," म्हणाल्या, "कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला धरायचं. काखेत धरलं की खांदा उतरतो." फिजिओनं त्यांना हे शिकवलं होतं आणि आता त्या साऱ्या जगाला शिकवू शकत होत्या.

दादाचं अजून पूर्ण पटलेलं नाही. तो गणपतीला आला तेव्हा आई ओट्याशी उभी राहून मोदकाच्या पाऱ्या करत होती, वॉकर बाजूला, आणि हा मागे खुर्ची घेऊन उभा. बस ना, बस ना. आईनं दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा त्याला बाहेर पाठवलं. मला मात्र तिच्या पोटऱ्यांचा थरकाप दिसत होता, आणि दादाची खुर्ची खरंच इतकी चुकीची आहे का, असंही वाटून गेलं. किती भार पुरेसा आणि किती जास्त, याचा आकडा मला कुठे वाचायला मिळाला नाही. अंतराळवीरांसाठी तक्ते असतात. नौपाड्यातून निवृत्त झालेल्या शिक्षिकेसाठी नसतात.

परवा मंगळावर जाण्याच्या गोष्टी बातम्यांत चालल्या होत्या. मी दोघींना सांगत होते, की तिथे पोचायलाच सहा ते नऊ महिने लागतील, सगळे बिनवजनी. वालेरी पॉल्याकोव्ह नावाचा एक रशियन डॉक्टर सलग ४३७ दिवस वर राहून १९९५ च्या मार्चमध्ये उतरला, तेव्हा कुपीतून निघून शेजारच्या खुर्चीपर्यंत मुद्दाम चालत गेला. मंगळावर उतरल्यावर माणूस कामाचा राहतो, हे त्याला दाखवायचं होतं. मंगळावरची ओढ आपल्या सुमारे ३८ टक्केच, तेवढी सोय आहे. पण इथे समुद्रात कुपी पडली की बोट येते, डॉक्टर येतात, स्ट्रेचर येतं. तिथे दार उघडल्यावर बाहेर कुणीच नसणार. घेरी आली तरी आपली आपण, मान फिरली तरी आपली आपण.

आई विचारात पडली. "मग आधी आपल्या मावशींना पाठवायला हवं," म्हणाली. "त्या सगळ्यांना एकेक करून उतरवून घेतील."

मावशी आईच्या कमरेचा पट्टा आवळत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ब्यूरोतून पाठवणार, की डायरेक्ट?"